चुड्याचा मान

आमच्या घराण्याला तलवार फुटली ती यंदा, शारजात, अल मजाजच्या चौदाव्या मजल्यावर. नात पर्णिका हिचे लग्न ठरले. व्याही आमच्यासारखेच बलिजा, मूळचे तेलुगू व्यापारी. पण पहिल्याच भेटीत त्यांनी आपले पूर्वज सेनापती होते असे सांगितले. जबल अलीत काचसामानाचे गोदाम चालवणारा माझा मुलगा चारुदत्त त्या क्षणी राजवंशी झाला. बैलांच्या पाठीवर माल लादून राजांच्या दारी विकणारे पूर्वज त्याला पुरेनात. दिवाणखान्याच्या भिंतीवर राजचिन्ह म्हणून दोन सिंह आले. त्यांतला एक जांभई देत होता.

माझे सासरे सोलापूरकडे गावोगाव बांगड्या भरत. आमच्या घरात नवरीचा चुडा वडील बाईच्या हातून भरला जातो आणि मग लहानथोर सारे त्या हाताला नमस्कार करतात. पर्णिकाचा चुडा मीच भरणार होते.

"आई, प्लीज! बांगड्या भरायला मी दुबईहून बाई बोलावलीय. तू फक्त राजमातेसारखी बस."

"राजमाता रिकाम्या हातांनी बसत असेल. मी नाही."

"त्यांना कळलं ना आपण बांगडीवाले, तर लग्न खलास!"

"अव्वा, जस्ट वन इव्हिनिंग," पर्णिका पुटपुटली. तिचे डोळे मात्र भरून आले होते. नातीसाठी मी हट्ट सोडला.

संध्याकाळी पाहुणे आले. फेटा बांधून, कमरेला भाड्याची तलवार लावून चारुदत्त दारात उभा होता. दुबईची बाई रस्त्यावरच्या गर्दीत अडकली होती. हिरव्या बांगड्यांचे तबक मध्ये ठेवून सगळे वाट पाहत बसले.

विहीण विभावरीबाई पूर्वजांच्या हत्तींविषयी सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी तबकातल्या दोन बांगड्या उचलल्या, कानाशी नेऊन एकमेकींवर हलकेच वाजवल्या आणि एक बाजूला काढली.

"ही पिचलीय," असे म्हणून त्या पुन्हा हत्तींकडे वळल्या. मग पुढची जोडी कानाशी.

मी पाहत राहिले. ही सवय पुस्तकातून येत नाही.

"विहीणबाई, हे तुम्हांला हत्तीखान्यात शिकवलं?"

विभावरीबाईंच्या हातातली बांगडी हवेतच थांबली.

"माहेरी... बांगड्यांचं दुकान होतं," त्या हळूच म्हणाल्या. "बोलायचं नाही, असं आमच्या वरदनं बजावलं होतं."

नवरदेव वरद छताकडे पाहू लागला. चारुदत्त सिंहांकडे.

"मग वाट कुणाची पाहता? उजवा हात तुम्ही घ्या, डावा माझा. पर्णिका, पुढे ये."

पर्णिका अशी धावली की साडीत अडखळली. भरताना काच एकदाही तडकली नाही.

चुडा भरून झाल्यावर दोघींनी हात पुढे केले. एकेक जण वाकू लागला. चारुदत्तालाही वाकायचे होते, पण तलवार आड येत होती.

"ती आधी सोड," मी म्हणाले. "आणि त्या सिंहांना खाली उतरव. नमस्कार त्यांचाही राहिलाय."