माझा पट्टा तुटला नव्हता

मी एक जुनी पाठपिशवी आहे. माझा रंग मूळचा हिरवा होता, आता तो नेमका कोणता हे मलाही सांगता येणार नाही. आणि मित्रांनो, आधीच कबूल करते, मी फार संशयी आहे. कोणी मला प्रेमाने उचलले की वाटते, आता हा मला कुठेतरी विसरून येणार. कोणी माझ्यावरची धूळ झटकली की वाटते, भंगारवाला दारात उभा असणार. हा स्वभाव काही मी जन्मतः घेऊन आले नव्हते. तो मला माणसांनी लावला.

माझा जन्म एका मोठ्या शिवणखोलीत झाला. जाड कॅनव्हास, पितळी बकले, आणि खांद्यांवर घालायचे दोन रुंद पट्टे. एका म्हाताऱ्या कारागिराने त्या पट्ट्यांवर टिपेवर टीप घातली, मग मला पायाखाली दाबून दोन्ही हातांनी पट्टे ओढून पाहिले. "हिचं कापड विरेल एक वेळ, पण पट्टा जायचा नाही," तो शेजारच्याला म्हणाला. आयुष्यात माझे एवढे कौतुक पुन्हा झाले नाही.

मला विकत घेतले एका तरुणाने. तो नुकताच बसवर ड्रायव्हर म्हणून लागला होता. डोंगरातून जाणारी एक लांब पायवाट होती. ती पूर्ण चालायला आठवड्याच्या वर दिवस लागत. वाटेत लाकडी पूल, उंच झाडांचे रान, शेवटी एक खिंड, आणि खिंडीपलीकडे म्हणे निळेशार तळे. ते तळे पाहून येणार, असे माझ्या मालकाने डेपोत, घरी, गल्लीत, सगळीकडे सांगून ठेवले होते. निघताना त्याची छाती माझ्यापेक्षा फुगलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या टाचांना फोड आले. समोर मोठा चढ होता. तो एका दगडावर बसला, चढाकडे बघत राहिला आणि मग उठून उलटा चालू लागला. यात वाईट काहीच नव्हते. दमतो माणूस. पण परतीच्या गाडीत त्याने शेजारच्या प्रवाशाकडून फळे कापायची सुरी मागून घेतली आणि माझा डावा पट्टा कापला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "काय करणार, ऐन चढावर पट्टा तुटला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "असल्या कुचकामी वस्तू घ्याव्यातच कशाला," त्याची आई म्हणाली. माझी रवानगी माळ्यावर झाली. करून सवरून नामानिराळा तो, आणि बोल मला.

माळ्यावर माझी बरीच वर्षे गेली. खाली त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, मुलगी शिकून नोकरीला दूरच्या गावी गेली. घरी पाहुणे आले की जेवणानंतर त्या डोंगरवाटेची गोष्ट हटकून निघे. दर वेळी चढ थोडा उंच होई आणि दर वेळी शेवट तोच. "पट्टा तुटला नसता तर..." मी वरून ऐकत असे आणि माझ्या घड्या आवळून धरत असे.

ही गोष्ट आणखी एक जण ऐकत होती. त्याची बायको. या बाई एका कारखान्यात सोफ्यांच्या गवसण्या शिवत. इतकी वर्षे तीच गोष्ट ऐकून त्यांच्या मनात एकच विचार घर करून बसला होता, की हिचा शेवट कसा आहे ते आपण बघून यावे. एकदा त्यांनी तसे बोलूनही दाखवले. त्या दिवशी धाकटे दीर जेवायला आले होते.

"तू?" मालक हसला. "आपला जिना चढताना मध्ये दोनदा थांबतेस. तिथं तुला पाळण्यात घालून न्यावं लागेल."

दीरही हसले. बाईंनी ताटे उचलली. पुढे त्या हा विषय कधी बोलल्या नाहीत.

मग एके दिवशी घरात कोणी नसताना त्या स्टूल घेऊन माळ्यावर चढल्या आणि त्यांनी मला खाली ओढले. गेले, मी म्हटले, आता फरशी पुसायला आपले तुकडे होणार. पण बाईंनी माझा तुटका पट्टा हातात घेतला, खिडकीपाशी जाऊन त्याची कड अंगठ्याने चाचपली. कापड ओढून तुटले की दोरे निघतात. माझी कड सरळ होती. जन्मभर कापडात हात घातलेल्या बाईला हे काय सांगायला हवे? त्या कडेकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हं," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कारखान्यात नेऊन जाड कापड शिवायच्या मशीनवर पट्टा जोडला.

आणि मग, मित्रांनो, त्यांनी माझ्यात वाळू भरली. चांगली चाळलेली, छोट्या छोट्या कापडी पिशव्यांत शिवलेली वाळू. मला तर कळेना, ही बाई शहाणी की वेडी. वर पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा ठेवून त्या मला पाठीवर घेत आणि पायी कामाला निघत.

आतापर्यंत त्या मालकाच्याच बसने जात. ड्रायव्हरच्या मागची जागा त्यांचीच. आता मात्र "डॉक्टरनी चालायला सांगितलंय," असे म्हणून त्या लवकर बाहेर पडू लागल्या. वाटेत लाकडांची वखार लागे, पुढे शाळेची लांब भिंत, मग रेल्वेवरचा उंच पूल. त्या पुलाच्या चढावर सुरुवातीला त्यांचा श्वास असा वाजे की मला वाटे, आजच ही मला कठड्यावरून खाली टाकणार. त्या टाकत नसत. थांबत, कठड्याला टेकत, पुन्हा चालू लागत. जरा सवय झाली की वाळूची आणखी एक पिशवी घालत.

पण पाठीवर एवढे ओझे घेऊन रोज चालणाऱ्या बाईकडे जग सरळ नजरेने बघत नाही. कारखान्याचा सुपरवायझर पहिला. हल्ली कापडाचे तागे कमी भरत होते. एका संध्याकाळी त्याने बाईंना दारातच अडवले.

"पिशवी जड दिसते."

"जडच आहे."

"काय आहे आत?"

"वाळू."

"वाळू घरी नेता?"

"घरी नेते आणि परत आणते."

सुटून निघालेल्या सगळ्यांना वाटले, बाई त्याची फिरकी घेत आहेत. त्याने एक छोटी पिशवी काढून दाभणाने टोचली. वाळूची बारीक धार फरशीवर सांडली. त्याने ती बोटाने चिवडली, खाली काही लपवले आहे का ते पाहिले. "कशाला पण?" त्याने विचारले. बाईंनी झाडू आणून वाळू गोळा केली आणि म्हणाल्या, "वजनाला." त्याचे समाधान काही झाले नाही. त्यानंतर तो रोज मला उघडून बघे.

घरी तर त्याहून वाईट. डेपोतला कंडक्टर मालकाला म्हणाला, "वहिनी दिसत नाहीत हल्ली. दुसरी गाडी मिळाली वाटतं." तो थट्टेत बोलला, पण मालकाच्या मनात काटा रुतला. कारण त्याच्या धाकट्या भावाची बायको अशीच घर सोडून गेली होती. रोज बाहेर जाताना एका पिशवीतून थोडे थोडे कपडे नेले, आणि एक दिवस कपाट उघडले तर रिकामे. कोणाला पत्ता लागला नव्हता.

आता मालक बाईंचे कपाट उघडून बघू लागला. घड्या मोजून बघे, पुन्हा तशाच ठेवी. मग एकदम गोड वागू लागला. "सोडू का तुला? काही हवंय का? बाहेर जेवायला जाऊ या का?" नवरा इतका गोड झाल्यावर बाईंनाही शंका आली, की हे काहीतरी लपवत आहेत. दोघे एकमेकांकडे चहाच्या कपावरून बघत आणि दोघेही म्हणत, "काही नाही." मी कोपऱ्यात बसून दोघांवरही संशय घेत असे.

आपल्या सुट्टीच्या एका सकाळी तो आमच्या मागे निघाला. वखारीपर्यंत झाडाआडून, शाळेच्या भिंतीपर्यंत कडेकडेने. पण मित्रांनो, हा माणूस इतकी वर्षे सीटवर बसून काम करणारा. पुलाच्या अर्ध्या चढावर त्याचा भाता फुटायची वेळ आली. बाई वर पोचल्या, पाणी प्यायला थांबल्या आणि त्यांना खाली कठडा धरून उभा असलेला नवरा दिसला. त्या त्याच्यापर्यंत उतरून आल्या.

"अहो, तुम्ही इथं?"

"सहज. पाय मोकळे करायला."

"कठडा धरून?"

 श्वास जागेवर आल्यावर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काय नेतेस रोज यातून?"

"वाळू."

"मला खेळवू नकोस."

बाईंनी मला खाली ठेवले. "उघडा."

त्याने माझी बकले सोडली. डबा काढला, बाटली काढली. मग वाळूच्या पिशव्या एकेक करून कठड्यावर मांडल्या. तळापर्यंत हात घातला. तिथे काही नव्हते. त्याचा हात तसाच आत राहिला.

"धाकटीनंही असंच केलं होतं," तो हळूच म्हणाला. "थोडं थोडं."

बाईंना तेव्हा कुठे उलगडा झाला. "मी घर सोडून चाललेय असं वाटलं तुम्हाला? अहो, सोडून जायचं असतं तर वाळू नेली असती? घरात दुसरं काही नव्हतं का?"

त्याला हसू आले, पण ते ओठांपर्यंत येऊन परतले. मग बाईंनी सगळे सांगितले. डोंगरवाट, खिंड, तळे. त्यासाठी पाय आणि पाठ तयार करणे.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

खालून एक मालगाडी गेली.  मग त्याने वाळूच्या पिशव्या उचलून परत माझ्यात भरल्या, बकले लावली आणि म्हणाला, "उद्यापासून अजून थोडी घाल. त्या चढाला एवढी पुरायची नाही."

माझ्या पट्ट्याबद्दल बाई तेव्हाही बोलल्या नाहीत. आणि मला मात्र वाटले, हा हिला ओझ्याखाली दमवून घरी बसवणार. पण त्यानंतर तो स्वतः वाळू चाळून देऊ लागला. पुलावरून बस नेताना बाई दिसल्या की हॉर्न देई. तरीही मी बेसावध राहिले नाही.

शेवटी बाई निघाल्या. एकट्या. माझ्यात आता वाळू नव्हती. कपडे होते, शिधा होता, पांघरूण होते. लाकडी पूल मी ओळखला. मालक ज्या दगडावर बसला होता तोही ओळखला. बाई त्यापुढे गेल्या. चढ चढल्या. मी कधीच न पाहिलेल्या उंच झाडांच्या रानात शिरल्या. इतकी शांतता मी माळ्यावरही ऐकली नव्हती.

पण खिंड अजून एका दिवसावर असताना त्यांचा उजवा गुडघा सुजला. सकाळी उठल्या तर पाय टेकवेना. ढग खाली आले होते, पुढची वाट दिसत नव्हती. त्या माझ्या अंगाला टेकून बसल्या आणि थोड्या रडल्या. तिकडून खाली येणारा एक वाटसरू थांबला. त्याने गुडघ्याला पट्टी बांधून दिली आणि म्हणाला, "परत जा, बाई. घरी काहीही सांगा. पुढं दरड कोसळली होती म्हणा. कोण बघायला येतंय?"

बाई उलट्या वळल्या. गेले, मी म्हटले, आता पुन्हा आपला पट्टा. परतीच्या गाडीत शेजारी एक आजोबा सुरीने पेरू कापत बसले होते. सबंध प्रवासात माझी नजर त्या सुरीवर होती. बाई मात्र माझ्यावर डोके ठेवून झोपल्या.

घरी मालक होता, धाकटे दीर होते, शेजारीणही डोकावली. बाईंना लंगडताना पाहून सगळ्यांना काय ते कळले. दीरांनी विचारले, "मग वहिनी? पाहिलं का तळं?"

बाईंनी तोंड उघडण्याआधीच मालक पुढे झाला. त्याला बायकोची लाज झाकायची होती. "पिशवी जुनी होती हो," तो घाईने म्हणाला. "मी म्हटलंच होतं, नवी घे. हिनंच दगा दिला असणार. होय ना?"

झाले. मी डोळे मिटले.

"नाही," बाई म्हणाल्या. "पिशवी ठणठणीत आहे. माझा गुडघा सुजला आणि पुढं धुकं बघून मी घाबरले. म्हणून परत आले. तळं नाही पाहिलं."

कोणी हसले नाही. हसायला त्यात काही उरलेच नव्हते. शेजारीण पाणी तापवायला गेली. मालक उभाच होता. मग त्याने मला बाईंच्या पाठीवरून अलगद काढून घेतले. त्याचा अंगठा माझ्या डाव्या पट्ट्यावरच्या जोडावर आला आणि तिथेच थांबला. त्याने बाईंकडे पाहिले. त्यांनीही त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, पण "मला माहीत आहे" हे मात्र होते. तो खाली बघू लागला. बऱ्याच वेळाने त्याने ओल्या फडक्याने माझ्यावरचा चिखल पुसला. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसला, आणि मला दाराजवळच्या खुंटीला टांगले.

गुडघा बरा व्हायला वेळ लागणार आहे. तोवर बाई बसने कामाला जातात. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे म्हणतात. मालक म्हणतो, "या खेपेला मीही येईन म्हणतो." खरे म्हणतो की तोंडदेखले, मला अजून कळलेले नाही. मी लक्ष ठेवून आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. पिशवी असेल, सायकल असेल, एखादी बॅट असेल. तिला पुसा, उसवली तर शिवून घ्या. आणि कधी अर्ध्या वाटेवरून परतावे लागलेच, तर खुशाल परत या. पण दारात आल्यावर "मी दमलो" एवढे दोन शब्द तुम्हीच म्हणा. आम्हाला तोंड नसते.