पेटीतून हरवलेला ळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ळ आहे. धुळ्याच्या एका सुताराने मला सागाच्या फळीतून कापले आणि लाल रंग दिला. एकोणीसशे सदुसष्ट साली बाकीच्या अक्षरांबरोबर पेटीत बसून मी बोरी नदीकाठच्या एका शाळेत आलो. क, म, ल यांच्याशी पोरे खेळत. मला मात्र कोणी हात लावत नसे.

त्या गावच्या बोलण्यात मी नव्हतोच. पोरे शाळेला शाया म्हणत, धुळ्याला धुये म्हणत. तोताराम गुरुजी मला पेटीतून काढत, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात निंबाची छडी असे. ळच्या जागी य ऐकू आला की छडी बसे. झाकण उघडले की मला धडकी भरे. आज माझ्यामुळे कोण रडणार?

पहिलीतल्या केसरला सर्वांत जास्त मार बसे. पाढे ती घडाघडा म्हणे, पण माझ्यापाशी येऊन अडे. एके दिवशी गुरुजी म्हणाले, उद्या तपासणीला साहेब येणार आहेत. शाळा सुटताना केसरने मला गुपचूप उचलून झग्याच्या खिशात टाकले. ळच नसला तर विचारतील काय, असे त्या बिचारीला वाटले.

खिशातून मी तिच्या आईचे, नर्मदाबाईचे बोलणे ऐकले. लेकीचा सुजलेला तळवा पाहून ती म्हणाली, "सकाय बी मार खाईसनी उनी, तर तुनी शाया बंद." सकाय म्हणजे उद्या; उद्याही मार खाऊन आलीस, तर तुझी शाळा बंद. केसरने खिशावर हात घट्ट दाबला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अक्षरे मोजली.

"गुरुजी, एक अक्षर कमी आहे. कुठे गेले?"

गुरुजींना घाम फुटला. "साहेब, आमच्या शायेत... आमच्या शायेत कधी चोरी झाली नाही."

कोणी हसले नाही. आपण काय बोललो ते गुरुजींना कळले आणि त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात केसर उठली.  तिने मला खिशातून काढून सतरंजीवर ठेवले.

"गुरुजी, ळ मनाजोडे शे."

मनाजोडे म्हणजे माझ्याजवळ. तिने माझे नाव अगदी नीट घेतले होते. पण गुरुजींनी टेबलावरची छडी उचलली. आता केसरची शाळा कायमची बंद होणार, आणि तीही माझ्यामुळे.

गुरुजींनी छडी कपाटामागे टाकली.

"बस, पोरी," ते हळूच म्हणाले. "भ्याव वाटनं का मनी बी जीभ अडस." भीती वाटली की माझीही जीभ अडते, असे ते गावच्याच बोलीत सांगत होते.

केसर पुढे चौथी पास झाली. मी आता त्याच कपाटात पडून आहे. रंग उडाला आहे, पेटीला वाळवी लागली आहे. दार वाजले की अजूनही मला धडकी भरते.

मित्रांनो, धाकट्या भावंडांना अक्षरे शिकवाल, तेव्हा माझी एक विनंती लक्षात ठेवा. मला कोणी य म्हटले तर म्हणू द्या. मी थांबेन. हातातली छडी तेवढी आधी खाली ठेवा.