सतरा नंबरचा पंचनामा

दुकानांची लाइन जळाली ती भर दुपारी. बावीस दुकानं, सगळी टिनाची अन् सागवानी फळ्यांची. बंब दुसऱ्या तालुक्यातून आला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं.

माणूस एकच गेला. सतरा नंबरवाले धर्मपालकाका शिंपी. ते बाहेर आले होते, मी स्वतः पाहिलं. मग म्हणाले, "लोकायचे कपडे हायेत अंदर," आणि परत शिरले. पेपरात आलं, निष्काळजीपणामुळे मृत्यू. दुसऱ्याचे ब्लाऊज वाचवायला जाण्याला निष्काळजीपणा म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको रुखमाकाकी म्हणाली, "त्यायच्या नावाचं पुण्यानुमोदन दुकानाच्या जागेवरच करू. त्यायचं सारं आयुष्य इथंच गेलं." लोक राखेवरून चपला घालून जात होते, ते तिला पाहवत नव्हतं. मी शेजारचा, सायकलवाला. माझं जळकं दुकान तसंच टाकून मी तिच्यासोबत बादल्या भरल्या. वाकलेले पत्रे, फळ्या, मशीनचं काळं लोखंड ओढून लांब फेकलं. जमीन धुतली. काकीनं ती शेणानं सारवली. भंते आले, त्रिशरण-पंचशील झालं. अख्ख्या काळ्या लाइनीत तेवढीच जागा स्वच्छ होती.

पंचनामावाले चौथ्या दिवशी उगवले. पंच म्हणून भगवानराव कापडवाले आणि मी. कागद कोरे होते. "मागून भरतो, बावीस लिवाचे हायेत," कर्मचारी म्हणाला. आमच्याकडे पंच असाच सही करतो. वाचायला मागणाऱ्याला शहाणा म्हणतात. मी शहाणा झालो नाही. बावीसही कागदांवर सही ठोकली.

दोन वर्षांनी पक्की इमारत उभी झाली. वाटपाच्या यादीत नावं एकवीस. सतरा नंबरच्या जागी जिना.

"कपिल, माहं नाव काहून नाई रे?" काकीनं विचारलं.

मी तिला घेऊन ऑफिसात गेलो. आमच्या मागोमाग भगवानराव आणि लाइनीतले दहा-बारा जणही आले. साहेबानं फाईल काढून वाचली : जागा क्रमांक सतरा. मोकळी, सारवलेली. जळाल्याची खूण नाही. खाली माझी सही.

"साहेब, कोऱ्या कागदावर घेतली ही सही तुमच्या माणसानं."

साहेब चिडला नाही. चिडला असता तर मला बरं पडलं असतं. "तसं लिहून द्या," तो म्हणाला. "पण मग बावीसही पंचनामे खोटे ठरतात. वाटप थांबेल. चौकशीला चार वर्षं लागतील, सहाही लागतील."

"कपिल," भगवानराव मागून म्हणाले, "दोन वर्स झाले आमी हातगाडीवर कापड इकून राह्यलो. आता तू सगळ्यायले अजून वाळत घालतं का? बाईले आपण नवी मशीन घेऊन देऊ."

"मशीन ठेवाले जागा द्या ना मंग," मी म्हणालो. " तुमच्या गाळ्यातली. चार हात."

भगवानराव खिडकीबाहेर पाहू लागले. बाकीचे त्यांच्याकडे पाहू लागले. अंत्ययात्रेला हेच लोक काकाच्या नावानं रडले होते. आणि मी काय सोवळा? सोळा नंबरचा गाळा माझ्या नावावर निघाला होता. का, तर माझी राख मी तशीच पडू दिली होती.

साहेबानं कोरा कागद पुढे सरकवला. मी त्यावर लिहिलं : सर्व पंचनामे वाचूनच सही केली आहे.

बाहेर पायरीवर काकी बसली. "काय लिवलं तू?"

मी सांगितलं. जसं लिहिलं तसं सांगितलं. ती रागावली नाही. समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. एक एसटी गेली, धुरळा उडाला, खाली बसला.

"आपण पानी कायले टाकलं रे तिथं?" ती म्हणाली. "त्यायले तसंच पडू द्याले पाह्यजे होतं."