बघत उभी राहणारी लेक

लेकीने अशी दगडासारखी उभी राहून गंमत बघावी, ही रीत म्हातारीच्या डोक्यातच शिरत नव्हती. इथे आपण ओली चादर दोरीवर टाकता टाकता घामाघूम झालोय, उजवा हात खांद्याच्या वर जायला तयार नाही, आणि ही बया चौकटीला टेकून, हाताची घडी घालून, टक लावून बघतेय! वाटेवरचा परका माणूससुद्धा 'द्या इकडे' म्हणाला असता.

"नाटक बघायला आलीस का गं? तिकीट तरी काढलंस?"

"तू घाल ना आई. मी आहे इथे."

"आहेस ते दिसतंय. तो खांबही आहे."

चादर अर्धी दोरीवर, अर्धी जमिनीवर राहिली. लेक तरी हलली नाही.

छातीतली गाठ काढल्यापासून हे असंच चाललं होतं. त्याच ऑपरेशनात काखेतल्या गाठीही काढल्या आणि हात सुजून ओंडक्यासारखा जड झाला. लेक रजा टाकून आली खरी, पण घरात वावरायची पाहुणीसारखी. फळीवरची बरणी काढायची, ही बघतेय. पाठीवरचं बटण लावायचं, ही बघतेय. जेवताना दोघींच्या मध्ये नुसता चमच्यांचा आवाज. नवरा गेल्यापासून म्हातारीला एकटेपणा अंगवळणी पडला होता. ती भिंतींशी बोलायची. भिंती उत्तर देत नसत, पण डोळे वटारून बघतही नसत.

लेक डॉक्टर होती, पण म्हातारीच्या मते बिनऔषधाची. गोळी देत नाही, सुई टोचत नाही, नुसतं संशोधन. पोटुशी असताना ज्यांना कॅन्सर झाला, ज्यांची बाळं दिवस भरायच्या आत बाहेर काढावी लागली, ती बाळं पुढे कशी वाढतात, हे ती वर्षानुवर्षं बघत आलेली. "बघण्याचा पगार घेते आमची," असं म्हातारी शेजारणीला सांगायची, आणि सांगताना मान मात्र ताठ असायची.

म्हातारीला तपासणीला नेलं त्याच दिवशी लेकीच्या संशोधनातल्या एका बाळाचीही त्याच दवाखान्यात पाहणी होती. रजेवर असली तरी ती चुकवता येणार नव्हती. तिने आईला खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं. "एक शब्द बोलायचा नाही हं."

"तोंड काढून पिशवीत ठेवते," म्हातारी म्हणाली आणि बसली.

चटईवर दीड वर्षाचं बाळ होतं, दिसायला जेमतेम वर्षाचं. शेजारी त्याची आई, डोक्याला रुमाल, भुवया गळालेल्या. लेकीने लाल ठोकळा बाळापासून जरा लांब ठेवला. बाळ झेपावलं आणि पोटावर आपटलं. पुन्हा झेपावलं. रडवेलं झालं. त्याच्या आईचा हात पुढे आलाच.

"थांबा," लेक हळूच म्हणाली. "आपण हात दिला तर त्याला कुठवर जमतं ते कळणार नाही. मग व्यायाम तरी कुठला द्यायचा?"

उठावं आणि ठोकळा त्या इवल्या मुठीत कोंबावा, असं म्हातारीला झालं. तेवढ्यात तिची नजर लेकीकडे गेली. लेक दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून, हातांवरच बसली होती. ओठ चावत होती. बाळ पुढे सरकलं की तीही तेवढीच पुढे झुकत होती.

ठोकळा काही बाळाला मिळाला नाही. पण वेळ संपल्याबरोबर लेकीने त्याला उचललं, छातीशी धरलं, ठोकळा हातात दिला. बाळ खुदकन हसलं. म्हातारीच्या मनात आलं, त्याची वेळ निदान संपते तरी. आपली तर संपतच नाही!

घरी आल्यावर कोट काढताना बाही कोपरात अडकली. म्हातारी झटापट करत राहिली. लेक समोर उभी.

"माझ्यावरही तेच चाललंय ना? त्या पोरासारखं?"

लेक म्हणाली, "सोमवारी मला परत जायचंय. तुला इथे एकटीला ठेवायचं, की माझ्याकडे न्यायचं? विचारलं की तू सगळं जमतं म्हणतेस. मला खरं कळायला हवं, आई."

"मग कळलं?"

"हात अर्ध्यावरच थांबतो." लेकीच्या हाताची घडी तशीच, पण बोटं दंडात रुतलेली.

म्हातारीने अडकलेली बाही तिच्यासमोर धरली.

"ही ओढ आधी. आणि ऐक. हात थांबतो, कबूल. कुठे राहायचं ते माझं मी ठरवीन. तू गेल्यावर मी एकटी असते त्याचं मला काही नाही, तेव्हा घरात कोणी नसतंच. तू दोन हातांच्या अंतरावर गुमान उभी राहतेस ना, तेव्हा मला खायला उठतं हे घर. बघण्यात तुझा पहिला नंबर, बये. सोबतीत तू साफ नापास."