स्कोअर सांगायचा नाही

रविवारी ऑफिसात शौकत परकार पेपरातलं खेळाचं पान उघडत नसे, आणि दोन केबिन पलीकडे बसणारा सुरेश दाभोळकरही उघडत नसे. दोघांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठात एम.एस. केलं होतं. मक्याच्या शेतांमधलं लहानसं गाव होतं ते, आणि तिथून पदवीबरोबर दोघांनी एक खूळही आणलं होतं, कॉलेज फुटबॉलचं. आपला लाथेने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, एकमेकांना धडका देत, लांबट चेंडू हाताने फेकत खेळायचा तो. तिथली शनिवार रात्रीची मॅच दुबईत रविवारी पहाटे व्हायची, आणि रविवार हा इथला कामाचा पहिला दिवस. म्हणून सुरेशच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरी ती रेकॉर्ड व्हायची आणि संध्याकाळी सातला दोघं मिळून बघायचे. तोवर स्कोअर बघायचा नाही, कानावर पडलाच तर दुसऱ्याला सांगायचा नाही. चार वर्षांत शौकतची एखादी नमाज चुकली असेल, सुरेशची चतुर्थी चुकली असेल, हा नियम मात्र मोडला नव्हता.

चार वर्षांपूर्वी सुरेशनेच शौकतला दुबईत आणलं होतं. कंपनी टॉवर बांधून विकणारी. सुरेश सगळ्या प्रोजेक्ट्सचा मुख्य, शौकत त्याच्या हाताखाली प्लॅनिंग मॅनेजर. कुठलं काम कधी सुरू करायचं त्याचं वेळापत्रक शौकत बनवायचा आणि खाली सही करायचा. ऑफिसात तो सुरेशला "सर" म्हणे, घरी "तू". एकाच माणसाला दोन तोंडांनी हाक मारताना त्याला कधी काही खटकलं नाही. भोळी माणसं अशीच असतात, आणि वर स्वतःला हुशार समजतात.

शहनाझ, त्याची बायको, तेवढी भोळी नव्हती. "साहेबाच्या सोफ्यावर बसून साहेबाशी वाद नाही घालायचा," ती म्हणायची. "अगं, खेळाचा वाद तो," म्हणून शौकत गाडीची किल्ली उचलायचा आणि सिलिकॉन ओएसिसमधून एवढ्या लांब जुमेरापर्यंत हौसेने जायचा.

२००८ साली त्यांच्या संघाचं आणि दुबईचं एकदमच बिनसलं. सप्टेंबरपासून संघ हरत होता आणि ऑफिसातली टेबलं रिकामी होत होती. गुरुवारी दुपारी एच.आर.मधून फोन आला की माणूस काय ते समजायचा, कारण शुक्रवार-शनिवार सुट्टी, रडायचं तर घरी जाऊन रडा. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की तीस दिवसांत देश सोडायचा. शौकतची नबिला दहावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, केंद्र दुबईतलं, फॉर्म भरून झालेला. मार्चपर्यंत नोकरी टिकू दे, पुढचं पुढे, एवढीच त्याची दुआ होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संघ सलग चौथी मॅच हरत असताना दोघांचं जुंपलं. वादाचा विषय डॉलन, संघाचा क्वार्टरबॅक. वीस वर्षांचा पोरगा. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू व्हायची, पण चाल ठरवणारा दुसराच. तो कोच स्टेडियममध्ये उंचावर, काचेच्या खोलीत बसायचा. तिथून तो फोनवर चाल सांगणार, खाली मैदानाच्या कडेला उभा असलेला मदतनीस हातवारे करून ती पोराला कळवणार, आणि पोरगा ती खेळणार. सुरेश आणि शौकत त्या कोचला काचेतला साहेब म्हणत. साहेबाच्या डोक्यात चाली तीनच. दोनदा चेंडू घेऊन गर्दीत घुसायचं, तिसऱ्यांदा लांब फेकायचा. आता हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही पाठ झालं होतं. तिसऱ्या वेळी समोरचे तयारच असत, आणि डॉलन त्यांच्या ढिगाखाली गाडला जायचा.

"ह्या पोराला बाकावर बसवा आता," सुरेश म्हणाला. "कॉन्फिडन्सच खलास झालाय त्याचा."

"पोराचं काय चुकलं? वरून जे येतं ते तो खेळतो."

"हबीबी, डोळे आहेत ना त्याला? समोरचे कुठे उभे आहेत ते दिसतं. बदलायची चाल आयत्या वेळी. दॅट्स द जॉब."

"परवानगी नाहीये त्याला. मागच्या वर्षी एकदा बदलली तर पुढची मॅच बाकावर बसवला होता."

"ते सगळे बहाणे. दिसत असून गप्प बसला, म्हणजे चूक त्याचीच."

सुरेशच्या बायकोने, प्रमिलावहिनींनी, साबुदाणवडे आणून ठेवले. शौकतने एक उचलला, पण तोंडात घातला नाही. वाद त्याच्या अंगात भिनला होता. त्याला डॉलनसाठी जिंकायचं होतं, आणि जिंकायच्या नादात त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"माझंच घे," तो म्हणाला. "तिसरा टॉवर. जूनमध्ये बुकिंग ढेपाळायला लागलं होतं, मला आकड्यांत साफ दिसत होतं की पाया आत्ता खणायचा नाही. पण तू म्हणालास, यल्ला, स्टार्ट. मी वेळापत्रकात घातलं, सही केली. बोललो का? नाही. कारण चाल तुझी होती. मग मी काय वाईट प्लॅनर झालो?"

सुरेश टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही नवा होता. "बारा हजार दिरहम, म्हणजे आपले दीड लाख," असं तो पहिल्या दिवशी तीनदा म्हणाला होता. आता तो एवढंच म्हणाला, "वडा घे, गार होतोय."

शौकतला वाटलं, आपण वाद जिंकलो. गाडीत तो गुणगुणत घरी गेला.

तिसऱ्या टॉवरच्या जागी तेव्हा नुसता खड्डा होता. पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसायचं, वर बांधायला मात्र काही नाही. हा खड्डा कुणाच्या सांगण्यावरून खणला, असं कंपनीच्या बोर्डाने त्याच आठवड्यात विचारलं. शौकतला त्याची गंधवार्ताही नव्हती. पुढचे दोन रविवार तो नेमाने सुरेशकडे गेला. डॉलनला खरोखरच बाकावर बसवलं होतं. काचेतला साहेब जागच्या जागी होता, आणि संघ नव्या पोराला घेऊन त्याच तीन चालींनी हरत होता. "बघ, नवा थोडा बरा आहे," सुरेश म्हणायचा. तो फारसा वाद घालत नव्हता, आणि प्रमिलावहिनी शौकतला जास्तच आग्रह करत होत्या.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता फोन वाजला.

एच.आर.च्या बाईंनी पत्र पुढे सरकवलं. इंग्रजी गोड होतं, पण दुसऱ्या परिच्छेदात मजकूर स्वच्छ होता. तिसऱ्या टॉवरचं काम सुरू करणं अयोग्य आहे हे प्लॅनिंग मॅनेजरला जूनमध्येच माहीत होतं, आणि तरीही त्यांनी ते वरिष्ठांच्या नजरेस आणलं नाही. शौकतने ते दोनदा वाचलं. जगात हे वाक्य त्याने एकदाच उच्चारलं होतं, हातात साबुदाणवडा धरून.

तो सरळ सुरेशच्या केबिनमध्ये गेला. दार लावलं, आणि ऑफिसात पहिल्यांदाच "तू" म्हणाला.

"तू सांगितलंस हे बोर्डाला?"

"बस ना, शौकत. त्यांनी डायरेक्ट विचारलं. मी खोटं बोलायला हवं होतं का? तूच म्हणाला होतास ना, दिसत होतं म्हणून."

"आणि यल्ला, स्टार्ट कोण म्हणालं ते नाही सांगितलंस."

सुरेशने टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. "दोघांनी जाऊन काय फायदा झाला असता?"

"तुला कधी कळलं माझं नाव आहे म्हणून?"

"दहा-बारा दिवस झाले असतील."

"मधे दोन रविवार गेले. आपण तुझ्या सोफ्यावर तीन-तीन तास बसलो होतो."

"अरे, मॅच होती," सुरेश म्हणाला.

शौकतच्या तोंडात शिवी आली होती, पण डोळ्यांसमोर नबिला आली आणि त्याने शिवी गिळली. लाज त्याला तेव्हाच वाटली, मागाहून नव्हे. त्याने हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. पगार नको, केबिन नको, फक्त व्हिसा मार्चपर्यंत रद्द करू नका, बिनपगारी रजेवर दाखवा, पोरीची परीक्षा होऊ दे. असं होत होतं. दुसऱ्या दोघांसाठी सुरेशच्याच एका शब्दावर झालं होतं.

"इन्शाल्ला," सुरेश म्हणाला. "एच.आर.शी बोलतो. ह्या रविवारी मॅच नाहीये. पुढच्या रविवारी ये, सीझनची शेवटची मॅच आहे. तेव्हा सांगतो."

ते दहा दिवस घरात सगळ्यांचा जीव टांगणीला होता. शहनाझने एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही, आणि ते शौकतला जास्त लागलं. नबिलाने विचारलं, "बट बाबा, व्हेअर विल आय गिव्ह माय बोर्ड्स?" तो म्हणाला, "इथेच. दाभोळकरअंकल करतायत." बोलताना त्याला स्वतःचीच चीड आली.

तो रविवार उजाडला. ऑफिस नव्हतं, पेपर समोर होता, दिवस खायला उठला होता. नऊ वाजता शौकतने कॉम्प्युटर उघडला आणि चार वर्षांचा नियम मोडून मॅचचा वृत्तांत वाचला. नवा पोरगा जखमी झाला म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत डॉलनला उतरवलं होतं. शेवटच्या मिनिटाला बाहेरून नेहमीचीच खूण आली. पोराने समोर पाहिलं, खूण झुगारली, ओरडून स्वतःची चाल लावली आणि मॅच जिंकली. खाली चाहत्यांच्या प्रतिक्रियांची रांग होती. काचेतल्या साहेबाने शेवटी हिंमत दाखवली, काय चाल सांगितली, मानलं बुवा, असं शेकडो लोक लिहीत होते. पोराचं नाव बाराव्या प्रतिक्रियेत आलं, स्पेलिंग चुकलेलं.

शौकत कुणालाही काही बोलला नाही. संध्याकाळी गुमान बसून बघायचं, असं त्याने ठरवलं. ज्याच्याकडे मागायला जायचं त्याचा खेळ कशाला बिघडवा?

सातला तो पोहोचला. सुरेशने संघाची मरून रंगाची जर्सी घातली होती आणि रिमोट हातात तयार होता.

"काय झालं एच.आर.चं?" शौकतने बसायच्या आधीच विचारलं.

"अरे हो." सुरेशने कपाळाला हात लावला. "राहूनच गेलं बघ. ह्या आठवड्यात इतक्या मीटिंग्ज होत्या. उद्या बघतो."

"व्हिसा ह्या गुरुवारीच कॅन्सलेशनला गेला, सुरेश. वाटलं होतं, तू थांबवला असशील. उद्या काही बघायचं राहिलेलं नाही. एक फोन करायचा होता तुला."

"हो का? आय ॲम सॉरी, यार. काहीतरी मार्ग काढू. मॅचनंतर बोलू ना शांतपणे. दिवसभर कानात बोटं घालून बसलोय मी." आणि त्याने बटण दाबलं. पडद्यावर स्टेडियम उजळलं, बँड वाजू लागला.

शौकत उभाच होता.

"चोवीस-एकवीस," तो म्हणाला. "आपण जिंकलो. शेवटच्या मिनिटाला डॉलनने वरून आलेली चाल मोडली आणि स्वतःची खेळला. कौतुक काचेतल्या साहेबाचं चाललंय."

सुरेशने मॅच थांबवली. त्याचा चेहरा पडला. त्या गुरुवारी केबिनमध्ये शौकतने हा चेहरा खूप शोधला होता, तिथे तो सापडला नव्हता.

"हे तू बरं नाही केलंस, शौकत," सुरेश म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "आठवडाभर वाट बघत होतो रे मी."

स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता. शौकतने दाराशी जाऊन बूट घातले, नाडी नीट बांधली आणि लिफ्टचं बटण दाबलं. घरी जाऊन नबिलाला सांगायचं होतं.