जाड कोंब राखावा

बाळंतपण उरकून क्लॅरिस माहेराहून गोराईला परतली, तेव्हा बांधावरूनच तिला आपला गुलाब दिसला आणि ती थबकलीच. जाताना वीतभर असलेली कलमं कंबरेला लागली होती.

सासू ज्युलियाआय धावत आली. तिनं बाळाला उराशी घेतलं आणि वाडीकडे बोट केलं. "बघ तुझी सरकारी लेकरं! रोज मासळी धुतलेलं पाणी पाजलंय. गाणं पण म्हटलंय."

लगेच म्हणूनही दाखवलं:

वाढ वाढ रोपा, वाढ कंबरेएवढा
सून येल बाळ घेऊन, दारी फुलांचा सडा

क्लॅरिस हसली. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, बांधलेली ही कलमं फलोत्पादन खात्यानं दिली होती. आज साहेब पाहणीला येणार. कलमं पसंत पडली की वाडीला रोपवाटिकेची मान्यता. मग फुलं दादरला आणि रोपं अख्ख्या मुंबईत. "भेंडी-दोडक्याच्या घरात गुलाबाचा धंदा! झकास!" असं नवरा, बेसिल, चिडवायचा. तिनं मात्र मनात दारावरची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती.

ती जवळ गेली. देठ हातात धरला. एका देठाला सात पानं. तिच्या गुलाबाला तर पाच असायची. दुसरं झुडूप पाहिलं, तिसरं पाहिलं. सातच. खाली वाकली तर डोळ्याच्या जागी छाटलेलं, वाळून काळं पडलेलं टोक. आणि सगळी हिरवळ त्याच्या खालून, बुडातून उसळलेली.

"आय... वरची फांदी कुठाय?"

"ती होय? मरतुकडी होती गं. जाड कोंब राखावा, बारीक काढावा. माझ्या सासूनं वांग्यावर शिकवलंय मला."

"सगळ्यांची काढली?"

"एक नाय सोडली!" ज्युलियाआय अभिमानानं म्हणाली.

एवढ्यात साहेब आलेच, धक्क्यावरच्या चिखलाचे बूट झटकत. एका झुडपाशी उकिडवे बसले. "बाई, हा तर नुसता रानगुलाब. कलम कुठाय?"

क्लॅरिसनं त्या काळ्या टोकावरून बोट फिरवलं. ज्युलियाआय कधी हिच्याकडे बघे, कधी साहेबांकडे. "काय झालं गं? बोल ना."

"आय, ती बारीक होती ना... तीच आपली होती."

"आणि हे?"

"हे रान."

ज्युलियाआयचं बाळाला थोपटणं मध्येच थांबलं. बाळानं हुंकार दिला, तो तिला ऐकूच गेला नाही.

"मुळं दणकट आहेत," साहेब हळूच म्हणाले. "डोळे मिळाले तर पुन्हा बांधता येतील."

"मग द्या ना, साहेब."

"खात्याचे डोळे मान्यतेच्या वाडीलाच मिळतात."

"आणि मान्यता?"

साहेबांनी मान खाली घातली. "कलमं बघून."

ज्युलियाआयनं बाळ क्लॅरिसच्या हातात दिलं आणि घरामागं गेली. तिथं छाटलेल्या त्या बारीक फांद्यांचा, चुलीसाठी रचलेला ढीग होता. निम्मा जळून गेलेला. क्लॅरिस मागोमाग गेली. सासू मातीत बसून एकेक काटकी नखानं खरवडून आत जिवंत, हिरवी आहे का बघत होती. पहिली आतून तपकिरी. दुसरीही. बोटांना काटे लागून रक्त आलं होतं.

"सुकल्या असतील गं, आय."

"हिरवी असली तर कशी दिसते, तू बघ," ज्युलियाआय काटकी पुढं करत म्हणाली. "मला आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय."