बावीस ग्रॅम दमा

माझ्या किराणा दुकानासमोर रांग लागली होती, पण साखर घ्यायला कुणी नव्हतं. सगळे आजार मोजून घ्यायला आले होते.

गावात आलेल्या एका चमत्कारी बाबांनी वजनकाटा माझाच मागून घेतला होता आणि मीही फुशारून दिला. लोकरी हातमोजे घालून ते काट्यावर एक पांढरा खडा ठेवायचे. खड्यातून धूर निघायचा आणि आकडा आपोआप उतरायचा. "बघा, आजार चालला! शून्य झालं की रोगी मोकळा!" एका लठ्ठ शिंप्याने तर पायच धरले, "बाबा, पोटाचे वीस किलोही न्या ना!"

मग माझी थोरली बहीण पुढे झाली. तिला दमा. तिच्या नावाचा खडा भरला बावीस ग्रॅम. ताईने खुशाल आपला पंप बाबांच्या पायाशी ठेवला. तिच्या छातीत तेव्हाच शिट्टी वाजत होती.

आमची ही शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिने पंप उचलून ताईपुढे धरला.

"आधी शून्य होऊ दे," ताई धापा टाकत म्हणाली. हट्टाला औषध नाही.

हिने चिमट्याने खडा उचलला. "बाबा, आजार जातो कुठे?"

"अनंतात, माई!"

"बारा लिटरात जातो. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आइस्क्रीमवाले वापरतात. पाणी न होता थेट वायू होतो. याचे चव्वेचाळीस ग्रॅम म्हणजे एक मोल, आमचं रसायनशास्त्राचं माप. बावीस भागिले चव्वेचाळीस, अर्धा मोल. एक मोल वायूला इथल्या हवेत साधारण चोवीस लिटर जागा लागते. अर्ध्याला बारा."

तिने दुकानातली बारा लिटरची कचऱ्याची पिशवी घेतली, हवा दाबून काढली, खडा टाकून तोंड बांधलं आणि गरम पाण्याच्या परातीत ठेवली. पिशवी फुगू लागली तशी रांग चार पावलं मागे सरली. फुटली तर दमा सगळ्यांना! खडा संपला तेव्हा पिशवी टम्म भरली होती, पण फुटली नाही.

"मोल ही आमचीच देवता," बाबा पुटपुटले आणि हातमोजे घेऊन सटकले.

"मग माझा दमा किती मोल गं?" ताईने विचारलं.

"ताई, दम्याला वजन नसतं. तो तुमच्या छातीत आहे तसाच आहे. घ्या आता."

ताईने पंप ओढला. हळूहळू शिट्टी थांबली आणि मला भर रस्त्यात रडू आलं.

मंडळी, कुणी आजार नेतो म्हणाला तर एवढंच विचारा, नेला कुठे आणि किती? आणि उत्तराची वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.